पहिले की चोविसावे

“भगवान महावीर, जैन धर्माचे संस्थापक,” सहा नंबरनं पाटीचा मजकूर मोठ्यानं वाचला आणि एकेका अक्षराखाली पेन्सिलीचं टोक टेकवत तो पुढे सरकला. “स वर अनुस्वार. स्था. पक. बरोबर.”

बाकावर बसलेल्या वहीवाल्या मावशी हसल्या. मोठ्यानं नाही, नाकातून जरासा वारा सुटावा इतपत. पण दालनात दुसरं कुणी नव्हतं, आणि बावीस वर्षं शांततेची राखण केलेल्या माणसाचे कान तिखट झालेले असतात.

“काय झालं मावशी? चुकलं का काही?”

“नाही नाही. शुद्धलेखन अगदी बरोबर आहे.”

“मग हसलात कशाला?”

“हसले कुठे? तुम्ही तुमचं काम करा बघू.”

संग्रहालयात नऊ दालनं होती आणि नऊ रखवालदार. एकमेकांना ते दालनाच्या आकड्यानंच हाक मारत. सहा नंबरला तर घरचं नाव आहे हे पगाराच्या दिवशीच आठवायचं. सातवीत शाळा सुटलेला हा माणूस पंचविसाव्या वर्षी इथे लागला. तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी त्याला समोर बसवून दालनातल्या एकतीस वस्तूंची माहिती पाठ करून घेतली होती. आठ दिवस रोज संध्याकाळी. “नुसता उभा राहू नकोस,” साहेब म्हणाले होते, “कुणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे. तू रखवालदार नाहीस, यजमान आहेस.” तेव्हापासून तो सांगत होता. इतर दालनांतले लोक दुपारी खुर्चीत पेंगायचे; हा मात्र कुणी एखाद्या वस्तूपाशी दोन क्षण जास्त थांबलं की हळूच जवळ जाऊन म्हणायचा, “सांगू का?”

आता जुन्या पुठ्ठ्याच्या पाट्या पिवळ्या पडल्या होत्या, कोपरे वळले होते. नव्या डायरेक्टर बाईंनी सगळ्या पाट्या पितळेच्या, कोरीव अक्षरांच्या करायच्या ठरवल्या होत्या. प्रत्येकानं आपल्या दालनातला मजकूर शुद्धलेखनापुरता तपासून शुक्रवारी दुपारी बाराच्या आत परत द्यायचा होता. एकदा कोरलं की मग पन्नास वर्षं बघायला नको, असं बाई म्हणाल्या होत्या.

वहीवाल्या मावशींचं समोरच्या रस्त्यावर वह्या-पेनांचं दुकान. मंगळवारी दुकान बंद असायचं. गेली नऊ वर्षं दर मंगळवारी त्या तिकीट काढून येत, कोपऱ्यातल्या काळ्या पाषाणाच्या मूर्तीसमोरच्या बाकावर बसत, मनगटावरच्या घड्याळात बघत आणि डोळे मिटत. बरोबर अठ्ठेचाळीस मिनिटांनी उघडत. त्याला सामायिक म्हणतात आणि तेवढा वेळ सगळ्यांकडे सारख्याच मनानं बघायचा सराव करायचा असतो, एवढं त्यांनी एकदा सांगितलं होतं. सहा नंबर त्या वेळात दालनात कुणाला मोठ्यानं बोलू द्यायचा नाही.

आज अठ्ठेचाळीस मिनिटं संपली होती आणि मावशी उठायच्या बेतात होत्या. सहा नंबर आडवा येऊन उभा राहिला.

“मावशी, मला सांगितल्याशिवाय जायचं नाही.”

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग मूर्तीकडे. मूर्ती माणसाच्या छातीइतक्या उंचीची, ताठ उभी. हात खाली सोडलेले, पण अंगाला न टेकलेले. नाकाचा शेंडा तुटलेला. अंगावर वस्त्र नाही, दागिना नाही, हातात शस्त्र नाही.

“हे महावीर नाहीत,” मावशी म्हणाल्या.

“काय?”

“हे ऋषभनाथ. आमचे पहिले तीर्थंकर. महावीर चोविसावे. मध्ये बावीस जण झाले. आणि महावीर संस्थापकही नव्हेत.”

“मग संस्थापक कोण? हे पहिले?”

“कुणीच नाही.”

“असं कसं? कुणीतरी सुरू केलाच असेल ना?”

“पोहण्याचा संस्थापक कोण हो?” मावशींनी विचारलं. “तसंच आहे ते. नदी आहे, माणसं अलीकडे अडकलीत. जो स्वतः पार होतो आणि इतरांना उतार, पाणी उथळ असलेली जागा, दाखवतो, तो तीर्थंकर. वाट बुजते, मग कधीतरी दुसरा कुणी येऊन तीच वाट मोकळी करतो. आम्ही असं मानतो, की हे जग कुणी बनवलेलं नाही आणि ते चालवायलाही वर कुणी बसलेला नाही. आपण जे करतो ते आपल्यालाच चिकटतं आणि आपणच ते झाडायचं. उतार दाखवणारा आपल्यासाठी पोहत नाही.”

“पण हे महावीर नाहीत कशावरून?”

“तुम्ही रोज पुसता ना त्यांना? खांद्यावर काय आहे?”

सहा नंबरला बघायची गरज नव्हती. उजव्या खांद्यावर तीन बारीक उठावाच्या रेघा, डाव्यावर दोन आणि तिसरीची नुसती खूण. बावीस वर्षं तो त्यांच्यामधली धूळ मऊ कुंचल्यानं काढत होता. त्याला ते उपरण्याचे काठ वाटायचे. आणि आज प्रथमच त्याच्या लक्षात आलं, की ज्याच्या अंगावर सूतभर कापड नाही त्याच्या खांद्यावर उपरण्याचा काठ कुठून येईल?

“केस,” तो म्हणाला.

“केस. घर सोडताना यांनी आपले केस मुठीमुठीनं उपटले. चार मुठी झाल्या, शेवटची राहिली ती खांद्यावर रुळत होती. ती तशीच असू दे अशी विनंती झाली आणि यांनी ती राहू दिली, अशी गोष्ट आमच्या घरात सांगायचे. म्हणून यांनाच खांद्यावर केस.” मावशी क्षणभर थांबल्या. “राजे होते हे. लोकांना शेती शिकवली, लिहायला शिकवलं, भांडी घडवायला शिकवलं. मग सगळं टाकून निघाले. वर्षभर उपाशी हिंडले.”

“कुणी जेवायला दिलं नाही?”

“लोक घोडे द्यायचे, रत्नं द्यायचे, मुली द्यायला निघायचे. राजाला भाकरी कशी द्यायची, असं वाटायचं त्यांना. सगळं सोडलेल्या माणसाला काय द्यायचं हे कुणाला माहीतच नव्हतं, कारण तोवर कुणी सगळं सोडलंच नव्हतं. शेवटी एकानं उसाचा रस दिला, ओंजळीत.”

सहा नंबरनं गुडघे टेकले आणि बैठकीवरच्या झिजलेल्या प्राण्यावर बोटं फिरवली. पाटीवर ‘सिंहचिन्ह’ लिहिलं होतं. डोकं झिजून गेलेलं, पाय जेमतेम. पण मानेच्या मागे बोटांना एक उंचवटा लागला. कुंचल्याला तो नेहमीच लागायचा.

“मावशी, सिंहाला वशिंड असतं का?”

“नसतं. बैलाला असतं. ऋषभ म्हणजे बैलच.”

तो उठला तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता. “नऊ वर्षं तुम्ही इथे बसता. माझ्या तोंडून नऊ वर्षं हे ऐकता. एकदा सांगावंसं वाटलं नाही?”

“कुणी विचारलं नाही. आणि तुमच्या साहेबांनी लिहिलेलं. कुणाला दुखवून काय मिळवायचं?”

“आणि मी जे खोटं सांगत राहिलो ते?” त्याचा आवाज चढला. शांततेची राखण करणाऱ्यानंच ती मोडली होती. “वर्षाला दोन-तीन हजार माणसं धरा. शाळांच्या सहली वेगळ्या. तुमच्या दुकानातल्या वह्या घेऊन येतात मुलं आणि मी सांगतो ते उतरवून घेतात! माझ्या शब्दावर!”

मावशी पिशवी उचलून निघून गेल्या.

बुधवारी सकाळी सहा नंबर कागद घेऊन कचेरीत गेला. हेडक्लार्कनं चष्मा कपाळावर ढकलला. “तुला स्पेलिंग बघायला सांगितलं होतं. मजकूर बघायला नाही.”

“मजकूर चुकलाय.”

“तो मोठ्या साहेबांचा मजकूर आहे. तुझी सातवी झालीय ना रे?”

“सातवी झालीय. म्हणून तर बैल ओळखता येतो.”

पलीकडच्या टेबलावरचे दोघं खो-खो हसले. हेडक्लार्क हसला नाही. पण दार उघडंच होतं आणि डायरेक्टर बाईंनी ऐकलं होतं. त्यांनी त्याला आत बोलावलं, सगळं ऐकून घेतलं, पाच मिनिटं दालनात येऊन मूर्तीही पाहिली. बाई नाण्यांच्या अभ्यासक होत्या, मूर्तींच्या नव्हत्या, आणि तसं त्यांनी सरळ सांगितलं.

“तुम्ही म्हणता त्यात तथ्य वाटतंय. पण नोंदीतला मजकूर मला आपल्या मनानं बदलता येत नाही. तज्ज्ञांची समिती पुढच्या वर्षी बसेल. नाहीतर ज्यांनी नोंद लिहिली त्यांनी स्वतः दुरुस्ती लिहून सही करून दिली, तर चालतं. शुक्रवारी बारा वाजता मजकूर कोरायला जाईल. त्याच्या आत सही आली तर बघू.”

“आणि नाही आली तर?”

“तर आहे तेच कोरलं जाईल.” बाईंनी जरा थांबून विचारलं, “तुम्हाला नोकरी साहेबांनीच दिली ना?”

“हो बाई. त्यांनीच.”

घरी बायकोनं सगळं ऐकलं. ती रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होती. दिवसभर चादरींच्या वाफेत उभं राहून तिचे पाय सुजलेले असायचे. पाय गरम पाण्यात सोडून ती म्हणाली, “अहो, पण तुमचा काय संबंध? तुम्ही जैन आहात का?”

“नाही.”

“मग? ज्यांचे देव आहेत त्यांना नाही पडलेली, ती तुमची मावशी नऊ वर्षं ढिम्म बसून राहिली, आणि तुम्ही चाललात त्या म्हाताऱ्या माणसाला तोंडावर खोटं पाडायला. ज्यानं आपल्याला पोटाला लावलं त्यालाच.”

“त्यांचे देव असतील. खोली माझी आहे.”

बायकोनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात त्यानं कशासाठी हट्ट धरल्याचं तिला आठवत नव्हतं. “ते हाकलून देतील,” ती म्हणाली.

“देऊ देत.”

“आणि त्यांचं काही बरंवाईट झालं तर?”



गुरुवारी दारं उघडल्या उघडल्या मावशी आल्या. गुरुवारी त्या कधीच येत नसत. बाकावर न बसता सरळ त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांनी हात जोडले.

“मिच्छामि दुक्कडम्,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडून जे वाईट झालं ते व्यर्थ होवो. क्षमा करा.”

तो गडबडला. “अहो मावशी, हात काय जोडता! तुम्ही वडीलधाऱ्या.”

“क्षमेला वय नसतं. ऐका. आमच्यात अनेकान्त म्हणून एक शिकवण आहे. प्रत्येक गोष्टीला अनेक बाजू असतात, आपल्याला दिसते ती एकच, म्हणून माझंच खरं असं म्हणू नये. मी नऊ वर्षं गप्प बसले आणि मनात म्हणत राहिले, की हा माझा अनेकान्त. परवा तुम्ही ओरडलात तेव्हा कळलं. अनेक बाजू असतात म्हणून बैलाला सिंह म्हणायचं नसतं. मला फक्त भांडण नको होतं. त्याला मी मोठं नाव दिलं होतं.”

“जाऊ द्या हो.”

“जाऊ कसं द्या? दारावर कळलं, सहीसाठी आज साहेबांकडे जाणार आहात ना?”

“जाणार आहे. पण मावशी, तुमच्यात पहिलं काय येतं? कुणाला दुखवू नये, की खरं बोलावं?”

“व्रतं पाच. कुठल्याही जिवाला दुखवू नये, खरं बोलावं, न दिलेलं घेऊ नये, इंद्रियं ताब्यात ठेवावीत, साठवू नये. पहिलं दुखवू नये, हेच.”

“मग दोन्ही एकदम कसं जमवायचं?”

“सोपं असतं तर व्रत कशाला घ्यावं लागलं असतं?” मावशी म्हणाल्या. “मला नाही जमलं. तुम्ही बघा. एवढंच करा, की जाताना मनात राग नेऊ नका. त्यांना हरवायला जाऊ नका.”

मोठे साहेब शहात्तर वर्षांचे होते. मुलीकडे राहत, दुसऱ्या मजल्यावर. डोळ्यांना आता वस्तूंच्या कडा तेवढ्या दिसत. माणूस आवाजावरून ओळखायचे. मुलीनं दार उघडलं आणि सहा नंबरचा चेहरा बघून ती दारातच थांबली.

“बाबांना त्रास होईल असं काही बोलू नका हं. गेल्याच आठवड्यात बी.पी. वाढलं होतं.”

“त्रास होईल असंच बोलायला आलोय, ताई,” तो म्हणाला. “पण हळू बोलेन.”

तिनं त्याला आत घेतलं, कदाचित या उत्तरानं गोंधळून.

“कोण?” खुर्चीतून आवाज आला.

“सहा नंबर, साहेब.”

“अरे! ये, ये! काय म्हणते आपली खोली? सांग बघू, दारापासून सुरुवात कर.”

हा त्यांचा नेहमीचा खेळ होता. सहा नंबर वर्षातून दोन-तीनदा यायचा आणि साहेब डोळे मिटून दालनात फेरी मारायचे. त्यानं दारापासून सुरुवात केली. मातीचा रांजण, त्याची चीर वाढलेली नाही. तांब्याची नाणी, पेटीची काच बदलली. दगडी जातं. साहेब मान डोलावत होते. मग तो कोपऱ्यातल्या मूर्तीपाशी आला आणि थांबला.

“पुढे?”

“साहेब, मूर्तीच्या उजव्या खांद्यावर केसांच्या तीन बटा आहेत. डावीकडे दोन, तिसरी झिजलीय. बैठकीवरच्या प्राण्याला वशिंड आहे. सिंह नाही तो, बैल आहे. ते ऋषभनाथ आहेत साहेब. पहिले. आपण चोविसावे लिहिलंय.”



“कुणी शिकवलं हे तुला?”

“केस कुंचल्यानं दाखवले. नाव एका बाईंनी सांगितलं.” त्यानं खिशातला कागद काढला. “उद्या बारा वाजता पाट्या कोरायला जाणार. आपली सही मिळाली तर बदलता येईल.”

साहेब रागावले की त्यांचा आवाज चढत नसे, उतरायचा. “सातवीतून उचलून आणला तुला. बोलायला शिकवलं. आता मला शिकवायला आलास?”

“नाही साहेब.”

“मग जा.”

तो गेला नाही. वादही घातला नाही. दालनात उभा राहायचा तसा उभा राहिला, पायांत चार बोटांचं अंतर, हात बाजूला सोडलेले. दिवसाचे आठ तास असं उभं राहण्यात बावीस वर्षं गेली होती. जगात त्याला दुसरं काही येत नसेल, पण हे येत होतं.

मुलगी आत डोकावून गेली. खिडकीतला उजेड पिवळा झाला, मग राखाडी. तिनं दिवा लावला.

“गेला का तो?” साहेबांनी विचारलं.

“आहे साहेब.”

ते दचकले. पुन्हा बराच वेळ गेला. खालच्या मजल्यावर कुणीतरी भांडी घासत होतं, तो आवाजही थांबला.

“अजून आहेस?”

“आहे.”

“पाय दुखत नाहीत का रे तुझे?”

“सवय आहे.”

साहेबांनी गुडघ्यांवरची शाल नीट केली. मग, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत असावेत असं, ते बोलायला लागले. “सव्वीस वर्षांपूर्वी एका अभ्यासकाचं पत्र आलं होतं. तू सांगितलंस तेच. खांद्यावरच्या बटा, बैल. संग्रहालयातल्या वस्तूंच्या सूचीचं पुस्तक नुकतंच छापून झालं होतं, माझ्या नावानं. लोक कौतुक करत होते. मी पत्र खणात ठेवलं. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू म्हटलं. पहिले काही महिने खण उघडला की लाज वाटायची. मग कामं आली. मग वर्षं गेली. मग लाज वाटणंही बंद झालं.”

सहा नंबरनं मनात आकडे मोजले. सव्वीस. बावीस.

“म्हणजे साहेब, मला पाठ करून घेतलंत तेव्हा...”

“माहीत होतं.”

त्याला त्या आठ संध्याकाळी आठवल्या. घरी येऊन तो आरशासमोर उभा राहून म्हणायचा, ‘भगवान महावीर, जैन धर्माचे संस्थापक,’ आणि तेव्हा नवी नवरी असलेली त्याची बायको पदर तोंडाला लावून हसायची. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याला शिकवण्यालायक समजलं होतं. राग आला असता तर बरं झालं असतं. पण राग घरी ठेवूनच तो निघाला होता.

“मग आता तरी लिहू या, साहेब,” तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला.

“मला दिसत नाही.”

“आपण सांगा. मी लिहितो.”

टेबलाशी बसून त्यानं कागद सपाट केला. साहेबांनी मजकूर सांगितला, पूर्वीसारखा, एकेक शब्द तोलून. ‘ऋषभनाथ. पाषाण. कायोत्सर्ग, म्हणजे हात सोडून निश्चल उभी मुद्रा.’ ‘जैन धर्माचे आद्य संस्थापक,’ ते म्हणाले आणि सहा नंबरचं पेन थांबलं.

“संस्थापक नको, साहेब. ते कुणी स्थापलेलं मानत नाहीत. ही माणसं उतार दाखवणारी.”

“पाटीवर एवढं मावत नाही.”

“मग नुसतं पहिले म्हणा. चोवीस तीर्थंकरांपैकी पहिले. आणि महावीर चोविसावे, तेही लिहा. म्हणजे पूर्वी वाचून गेलेल्यांना कळेल.”

“लिही,” साहेब म्हणाले. “चिन्ह, बैल.”

त्यानं तीनदा वाचून दाखवलं. मग साहेबांच्या हातात पेन दिलं, त्यांचं मनगट धरून सहीच्या जागी टेकवलं. सही वाकडी आली, पण पूर्ण आली.

“झालं?”

“झालं साहेब.”

“मग आता जा. आणि परत येऊ नकोस.”

तो वाकून नमस्कार करायला गेला, पण साहेबांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले होते.

शुक्रवारी साडेअकराला कागद डायरेक्टर बाईंच्या टेबलावर होता. त्यांनी सही पडताळली, मजकूर दोनदा वाचला आणि शिक्का मारला. “अक्षर कुणाचं?” त्यांनी विचारलं. “माझं,” म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “छान आहे.” हेडक्लार्क दिवसभर त्याला ‘प्राध्यापक’ म्हणत होता. पण मूर्तीचा नोंदवहीतला तपशील त्यानंच लाल शाईनं, नीट पट्टी लावून खोडला आणि वर नवा लिहिला.

तीन आठवड्यांनी पाट्या आल्या. बाकीच्या तीस सुतारानं बसवल्या. कोपऱ्यातली सहा नंबरनं स्वतः बसवली, चारही स्क्रू हातानं पिळले. मंगळवारी मावशी आल्या, पाटी वाचली, मग बाकावर बसल्या. निघताना तो त्यांच्याजवळ आला.

“पाटी झाली, मावशी. पण साहेबांना दुखवलं मी.”

त्याला वाटलं होतं, त्या समजूत घालतील. “हो,” त्या म्हणाल्या, “दुखवलंत.”

“मग आता?”

“क्षमा मागायची. मिळो न मिळो. ती त्यांच्या हातात. मागणं आपल्या हातात.”

त्यानं पत्र लिहिलं. चार ओळी. उत्तर आलं नाही. महिन्यानं आणखी एक लिहिलं. मुलीकडून निरोप आला, की पत्र वाचून दाखवलं, बाबा काही बोलले नाहीत. बायको म्हणाली, “मी म्हटलं नव्हतं?” आणि लगेच तिला वाईट वाटलं, कारण तो जेवता जेवता थांबला होता. त्याची थट्टा कुणी केली तर आता मात्र ती भांडायला उठायची.

दालनात तो पूर्वीसारखाच लोकांजवळ जायचा, पण एक वाक्य वाढलं होतं. मूर्तीची गोष्ट सांगून झाली की तो म्हणायचा, “पूर्वी इथं आला असाल आणि माझ्याकडून महावीर असं ऐकलं असेल, तर ते चूक होतं. मला माफ करा.” काही जण हसायचे. काही जण त्याच्याकडे विचित्र बघायचे, की हा माणूस आपली माफी कशाला मागतोय? तो थांबला नाही. गणित त्याला माहीत होतं. चाळीस-पन्नास हजारांतले फार तर शंभर परत येतील. पण शंभर तर शंभर.

थंडीचे दिवस आले. एका रविवारी दुपारी दालनात बरीच गर्दी होती. एक शिक्षिका आपल्या नवऱ्याला घेऊन आली होती, दोन-तीन कुटुंबं होती, काही कॉलेजच्या मुली. त्या गर्दीतून काठीचा आवाज आला. सहा नंबरनं वळून पाहिलं. मोठे साहेब होते, मुलीचा हात धरून. कोट घातलेला, दाढी नुकतीच केलेली. हातात तिकीट होतं. दारावरच्या माणसानं ओळखून ‘राहू द्या’ म्हटलं असणार आणि साहेबांनी ऐकलं नसणार.

सहा नंबर दोन पावलं पुढे झाला, मग थांबला. परत येऊ नकोस असं त्यालाच सांगितलेलं होतं. आता समोर जावं की नाही, ते त्याला कळेना. साहेबांनी त्याच्याकडे तोंडही वळवलं नाही. मुलीनं त्यांना कोपऱ्यात नेलं. त्यांनी हात पुढे केला, पाटी चाचपली आणि कोरलेल्या अक्षरांवरून तर्जनी फिरवत एकेक ओळ वाचली. शेवटपर्यंत. मग तिथेच, काठीवर दोन्ही हात ठेवून, ते उभे राहिले.

शिक्षिका मूर्तीपाशी आली, पाटीवर नजर टाकून थबकली. “अहो,” ती सहा नंबरला म्हणाली, “हे महावीर ना? मी शाळेत असताना इथंच ऐकलंय. मी वर्गातही तसंच सांगते.”

सहा नंबरनं नेहमीचं वाक्य बोलायला तोंड उघडलं. आणि बोलवेना. साहेब हातभर अंतरावर होते.

“थांब,” साहेब म्हणाले. आवाज उतरलेला नव्हता. पूर्वी व्याख्यानाला उभे राहिले की लागायचा तसा, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा होता. “मी सांगतो.”

लोक वळले. कॉलेजच्या मुली जवळ आल्या.

“पूर्वीची पाटी मी लिहिली होती,” साहेब म्हणाले. “ती चूक होती. चूक आहे हे मला चार वर्षांनी कळलं, आणि पुढे सव्वीस वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही. या माणसानं तुम्हाला जे सांगितलं, ते मी त्याच्याकडून पाठ करून घेतलं होतं. त्याचा दोष नाही. आता नीट ऐका. हे ऋषभनाथ. यांच्या खांद्यावर बघा...”

शिक्षिकेनं पिशवीतून वही काढली. साहेब सांगत होते, अडखळत, मध्येच मुलीला ‘उजवा ना?’ असं विचारत. सहा नंबर दोन पावलं मागे सरकला आणि लोकांमध्ये जाऊन, सगळ्यांबरोबर ऐकत उभा राहिला.